रोज हिंजवडी, अधूनमधून गुहागर: साडेतीनशेतली कुठली गाडी?

प्रश्न : मी पुण्यात वारज्याला राहतो, वय ४४. नोकरी हिंजवडीच्या तिसऱ्या फेजला. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात आणि त्यातले निम्मे तरी गर्दीत जातात. सध्याची १५० सीसीची गाडी आता थकली आहे. आमचं गाव गुहागर तालुक्यात. गणपती, शिमगा आणि मे महिना धरून वर्षातून पाच-सहा वेळा जाणं होतं. मुलगी होस्टेलला असल्यामुळे आम्ही दोघंच असतो आणि दोघांनाही मोटरसायकलनं जायची आवड आहे. बायकोला कंबरेचा त्रास आहे, तरी ती हौसेनं मागे बसते. माझी उंची ५ फूट ६ इंच. मनात दोन गाड्या आहेत: रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० आणि होंडाची हायनेस सीबी३५०. दोन्ही शोरूमवाले आपापली गाडी चांगली म्हणतात. मेहुणा म्हणतो, साडेतीनशेत दम नाही, चारशेच्या वरची घे. तुम्ही काय सांगाल?
— एक वाचक, वारजे, पुणे

उत्तर : हायनेस घ्या. मात्र पैसे भरायच्या आधी वहिनींना मागच्या सीटवर बसवून निदान तासभर फिरवून आणा. त्यांनी नको म्हटलं, तर दुसरा विचार न करता मिटिऑर घ्या. माझं उत्तर एवढंच आहे. आता कारणं सांगतो, कारण तुमच्यासारखीच पत्रं या सदराकडे बरीच येतात आणि बहुतेकांचा निर्णय चुकीच्या मुद्द्यावर अडलेला असतो.

आधी मेहुण्यांचं म्हणणं. चारशेच्या गाड्यांत ताकद जास्त असते हे खरंच आहे. आपल्या चाकणलाच तयार होणाऱ्या ट्रायम्फ स्पीड ४०० चं इंजिन चाळीसेक अश्वशक्तीचं आहे. तुमच्या दोन्ही गाड्या वीस-एकवीसच्या, म्हणजे साधारण निम्म्या. पण ही ताकद तुम्ही वापरणार कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद, समृद्धी बंद. पुणे-सातारा रस्त्यासारख्या चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. तुमच्या दोन्ही गाड्या दोन माणसं आणि सामान घेऊन ८० ते ९० च्या वेगानं तासन् तास बिनतक्रार चालतात. त्यापुढचा वेग गाठायला मोकळा आणि कायदेशीर रस्ता तुमच्या वाटेवर एकही नाही.

शिवाय खर्च पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा ४० टक्क्यांवर गेला. मिटिऑर ३४९ सीसीची, हायनेस ३४८ ची. दोन्ही रेषेच्या अलीकडे आहेत. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो, त्याचेही ३५० च्या अलीकडचे आणि पलीकडचे दर वेगळे आहेत; पलीकडे तो जवळजवळ दुप्पट होतो. मेहुण्यांना सांगा, हे वाचलेले पैसे चांगली हेल्मेटं, पावसाळी जॅकेटं आणि वहिनींच्या आरामासाठी वापरतो.

आता मूळ मुद्दा. माझी बहुतेक नोकरी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा विषय शिकवण्यात गेली. पोरं नवीन आली की आधी अश्वशक्ती विचारायची. मी त्यांना इंजिन उघडून सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतली रुंदी, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, मोजायला लावायचो. मिटिऑरचा बोअर ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८५.८. हायनेसचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० च्या थोडा वर. दोन्ही इंजिनं लांब स्ट्रोकची आहेत, म्हणजे कमी फेऱ्यांत ओढणारी. मिटिऑर २७ न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, ४००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या इतक्या फेऱ्या) देते. हायनेस तीसच्या आसपासचा टॉर्क ३००० लाच देऊन मोकळी होते. भूमकर चौकात तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना समोरची मोटार सुटली, की नुसता हात पिळून गाडी पुढे जाते ती या टॉर्कमुळे. रोजच्या वापरात माणसाला जो 'दम' जाणवतो तो हाच.

मात्र हायनेसच्या बाबतीत एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगणार नाही. तिचे गिअर लांब आहेत. पहिल्या गिअरमध्येही ती बरीच पळते. त्यामुळे चालत्या माणसाच्या वेगानं सरकणाऱ्या रांगेत तुम्हाला क्लच थोडा जास्त खेळवावा लागेल आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर अधिक वेळा यावं लागेल. क्लच हलका असल्यामुळे मनगट दुखत नाही, पण हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती आत्ताच सोडा. गाडी थांबली की न्यूट्रल. मिटिऑर या सरपटत्या गर्दीत थोडी शांत वाटते. २०२५ च्या सुधारित मिटिऑरला असिस्ट आणि स्लिपर क्लचही आला (दाबायला हलका, आणि गिअर झटकन खाली टाकला तरी मागचं चाक अडकू न देणारा), म्हणजे हलक्या क्लचचा होंडाचा जुना फायदा आता उरला नाही. नवीनच घेत असाल तर सुधारित गाडीच पाहा. शोरूममध्ये उरलेली आधीची गाडी सवलतीत मिळत असेल, तर तिचा क्लच दाबून बघून मगच ठरवा.

मग हायनेस का? तुमच्या पाठीच्या कण्यासाठी.

मिटिऑर क्रूझर धाटणीची आहे. सीट ७६५ मिलिमीटरवर, म्हणजे खूप खाली. हँडल आपल्याकडे आलेलं आणि पाय ठेवायच्या जागा पुढे. शोरूममध्ये बसलं की आरामखुर्चीत बसल्यासारखं वाटतं आणि सरळ, गुळगुळीत रस्त्यावर ते सुख खरंही आहे. पण पाय पुढे असले, की सगळा भार माकडहाडावर येतो. खड्डा दिसल्यावर पायांवर भार घेऊन जरासं उठायचं म्हटलं तर उठता येत नाही, कारण पाय शरीराच्या खाली नसतात. हायनेसवर सीट ८०० मिलिमीटरवर आहे आणि पाय बऱ्यापैकी खाली येतात. खड्डा आला की गुडघ्यातून दोन बोटं उठायचं, दणका पायांनी झेलायचा आणि पुन्हा बसायचं. वारजे ते हिंजवडी या रस्त्यावर, चांदणी चौकाच्या पुढचा सेवारस्ता धरला की पावसाळ्यानंतर हे दिवसातून किती वेळा करावं लागेल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुमच्या उंचीला ८०० मिलिमीटर काही अवघड नाही. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतील, एक पाय टेकवलात तर पूर्ण टेकेल.

वजनाचाही फरक आहे. मिटिऑर १९१ किलोची, हायनेस १८१. चालत्या गाडीवर हे दहा किलो कळत नाहीत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मधून गाडी मागे ओढून काढताना मात्र कळतात, आणि ते तुम्ही रोज सकाळी करणार आहात.

मी स्वतः मिटिऑर चालवतो, हे इथं सांगायला हवं. नाहीतर माझा सल्ला एकतर्फी वाटेल. माझं वय साठीच्या पुढे आहे, उंची तुमच्यापेक्षा कमी, आणि उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. मला दोन्ही पाय पूर्ण टेकणारी गाडी हवीच होती. माझ्या पुतण्याकडे हायनेस आहे आणि साताऱ्याहून कोकणात उतरताना आम्ही वाटेत गाड्या बदलतो. म्हणून दोन्हींबद्दल हातापायांनी सांगू शकतो.

तुमची गुहागरची वाट मला पाठ आहे. कात्रज, खंबाटकी, सातारा, उंब्रज, मग पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून पोफळी, चिपळूण आणि गुहागर. अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. यात उंब्रजपर्यंतचा भाग कुठल्याही गाडीवर होतो. खंबाटकी चढताना मागे माणूस आणि सामान असेल तर दोन्ही गाड्यांना पाचवा सोडून चौथा घ्यावा लागतो. त्यात कमीपणा काही नाही, गिअर त्यासाठीच असतात. खरी परीक्षा पाटणच्या पुढे. रस्ता अरुंद होतो, वळणं लागतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये हेळवाकपासून असं धुकं उतरतं, की समोरच्या एसटीचे मागचे दिवे अंगावर आल्यावर दिसतात.

कुंभार्ली उतरताना ब्रेकवर सगळा भार टाकू नका. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. वळणाच्या आधी दुसरा, सरळ पट्ट्यात तिसरा. इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. इथं लांब स्ट्रोकची ही दोन्ही इंजिनं फार कामाची आहेत. गिअर घाईनं खाली टाकला तरी स्लिपर क्लचमुळे मागचं चाक उड्या मारत नाही. दोन्हींना पुढे-मागे डिस्क ब्रेक आहेत आणि दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. होंडाला याशिवाय टॉर्क कंट्रोल आहे, म्हणजे मागचं चाक जागेवर फिरू लागलं की इंजिन आपोआप जोर कमी करतं. घाटाच्या पायथ्याला, पोफळीच्या आसपास पहिल्या पावसात डांबरावर तांबडी माती वाहून येते. तिथं हे यंत्र किती मोलाचं आहे, ते एकदा अनुभवलं की कळतं. वळणातही हायनेस जास्त सहज झुकते. मिटिऑर झुकते, पण तिला थोडं आधीपासून सांगावं लागतं.

मग मिटिऑरची बाजू कुठे भारी? दोन ठिकाणी, आणि दोन्ही तुमच्यासाठी महत्त्वाची आहेत.

पहिली, दुरुस्ती. एनफिल्डची केंद्रं तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहेत, आणि जिथं केंद्र नाही तिथंही बुलेटवर हात बसलेला मिस्त्री सापडतो. हायनेस होंडाच्या नेहमीच्या शोरूममध्ये मिळत नाही. ती बिगविंग नावाच्या वेगळ्या दालनांतून विकली जाते आणि ती दालनं मोठ्या शहरांत एकवटली आहेत. पुण्यात तुम्हाला अडचण येणार नाही. गावाकडे क्लचची केबल किंवा लिव्हर तुटला, तर तो तिथं मिळेलच असं नाही. त्यावर उपाय स्वस्त आहे. क्लच केबल, एक क्लच लिव्हर, एक ब्रेक लिव्हर आणि फ्यूज घेऊन सीटखाली किंवा पिशवीत कायमचे ठेवा. केबल कशी बदलायची ते पहिल्या सर्व्हिसिंगलाच मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून पाहून घ्या. अवघड नाही, पाऊण तासात जमतं.

दुसरी बाजू, मागची सीट. इथं मी वहिनींचा विचार करतो. मिटिऑरच्या काही प्रकारांना पाठ टेकायला बॅकरेस्ट कंपनीकडूनच येते. कंबर दुखणाऱ्या माणसाला घाटाच्या चढात आणि प्रत्येक गिअर बदलताना मागून मिळणारा आधार मोठा असतो. हायनेसला तो नंतर बसवून घ्यावा लागतो. तिची मागची बाजूही थोडी कडक आहे. एकट्यानं चालवताना ती पक्की वाटते, पण मागच्या माणसाला छोटे खड्डे जास्त लागतात.

म्हणून म्हणतो, त्यांना घेऊन जा. आणि दहा मिनिटांच्या टेस्ट राइडवर समाधान मानू नका. दोन्ही गाड्या भाड्यानं देणारी दुकानं पुण्यात आहेत. एका रविवारी एक आणि पुढच्या रविवारी दुसरी घ्या, आणि ताम्हिणीच्या वाटेनं मुळशीच्या पुढपर्यंत जाऊन या. जाताना वहिनींना काही विचारू नका. नाहीतर तुमचा कल कुठे आहे हे ओळखून त्या तेच बोलतील. घरी परतल्यावर, संध्याकाळी, कंबर काय म्हणते ते विचारा. एकेक दिवस तुम्ही एकट्यानं ऑफिसलाही नेऊन पाहा, तेही सोमवारी. शनिवारचा हिंजवडीचा रस्ता खोटं बोलतो.

त्या चाचणीत एक काम आठवणीनं करा. मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, दोन्ही गाड्यांत कमी-जास्त करता येतो. तुम्ही एकटे असताना तो कमी आणि दोघं असताना जास्त हवा. बहुतेक लोक गाडी घेतल्यापासून विकेपर्यंत त्याला हात लावत नाहीत आणि गाडी आपटते म्हणून कंपनीला दोष देतात. दोन माणसांसाठी टायरची हवाही वेगळी असते. आकडा गाडीच्या पुस्तिकेत आणि स्टिकरवर असतो. या दोन गोष्टी जुळवल्यावरही वहिनींना हायनेस कडक वाटली, तर मात्र तडजोड करू नका. तुमची गाडी आहे, पण गुहागरची वाट दोघांची आहे. मिटिऑर घ्या. रोजच्या खड्ड्यांत तुम्ही थोडं सोसाल, पण त्या मागे बसणं सोडणार नाहीत.

मिटिऑरवर गेलात तर तारांच्या चाकांचा ऑरोरा हा प्रकार टाळा. दिसायला देखणा आहे, पण तारांच्या चाकांत ट्यूब असते. अलॉय चाकांचे टायर ट्यूबलेस असतात. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते आणि दहा मिनिटांत रस्त्याच्या कडेला पंक्चर काढता येतं. कुंभार्लीच्या मध्यावर, पावसात, मागचं चाक उतरवून ट्यूब काढायची वेळ कोणावरही येऊ नये.

पेट्रोलचा हिशोब दोन्हींचा सारखाच आहे. टाकी दोन्हींची १५ लिटरची. सरळ चालवलीत तर लिटरला तीसच्या आसपास किंवा थोडं वरच मिळेल, म्हणजे वारज्यात टाकी भरून गुहागर गाठता येतं. इथं निवड करायला काही उरत नाही.

सामानाबद्दल एवढंच, की जड वस्तू खाली आणि पुढे, म्हणजे तुमच्या दोघांच्या मांड्यांजवळ. मागच्या कॅरिअरवर उंच गाठोडं बांधलं की घाटात पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं. कापडी सॅडलबॅग घेणार असाल तर उजवीकडची सायलेन्सरला टेकत नाही ना, हे दोघं बसलेले असताना तपासा. माणसं बसल्यावर मागची बाजू खाली जाते आणि पिशवी जळते. डावीकडचा साडीगार्ड सामानाला अडतो म्हणून काढू नका. ओढणी किंवा पिशवीचा पट्टा चाकात जाण्यापासून तोच वाचवतो.

आणि समुद्रावरून परत आलात की दुसऱ्या दिवशी गाडी गोड्या पाण्यानं धुवा, चेन पुसून तिला वंगण द्या. चाळीस किलोमीटर रोज चालणाऱ्या गाडीची चेन एरवीही साधारण पाचशे किलोमीटरला, म्हणजे तुमच्या बाबतीत दर दोन-अडीच आठवड्यांनी, वंगण मागते. पावसाळ्यात त्याहून लवकर.

प्रश्न : मी मिरजेत राहते, सांगलीत नोकरी करते. बरीच वर्षं स्कूटर चालवते आहे. आता गिअरची मोठी गाडी घेऊन आंबोली, गोवा असं स्वतः फिरायचं आहे. हायनेस फार आवडली, पण माझी उंची ५ फूटही नाही आणि पाय नीट टेकत नाहीत. सीटचा फोम कापून खाली केली तर चालेल का? घरचे म्हणतात एवढी जड गाडी बाईमाणसाला झेपणार नाही.
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, झेपते. १९० किलो कोणीच उचलून चालवत नाही, पुरुषही नाही. पण तुम्ही मिटिऑर घ्या, हायनेस नको.

वरच्या पत्राला उलटं उत्तर दिलं, कारण तुमचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना ८०० मिलिमीटरची सीट सहज पेलते. तुम्हाला ७६५ वर दोन्ही पाय जास्त चांगले टेकतील. सिग्नलला, चढावर, वाळू पसरलेल्या पार्किंगमध्ये पाय टेकण्याचा विश्वास असला की माणूस गाडी चालवण्याकडे लक्ष देतो. तो नसला तर प्रत्येक थांब्याची धास्ती वाटते, आणि त्या धास्तीनंच गाडी पडते. सामान्य स्कूटरची सीटही मिटिऑरसारखीच ७६५ च्या आसपास असते, म्हणजे तुमच्या पायांना ती उंची ओळखीची आहे.

फोम कापू नका. फोम दोन इंच गेला की खाली उरतो तो सीटचा कडक पाया. पंधरा मिनिटं बरं वाटतं. मिरजेहून आंबोलीला पोचेपर्यंत मांड्या सुन्न होतात.

गाडी येण्याआधी एखाद्या ओळखीच्या १२५ किंवा १५० सीसीच्या गाडीवर क्लच आणि गिअरचा हात बसवा. स्कूटरवरून आलेल्या माणसाचा डावा हात ब्रेक समजून क्लच दाबतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटते. ही सवय मोडायला दोन-तीन आठवडे शांत रस्त्यावर द्या. मग मोठी गाडी घ्या.

पार्किंगची एक युक्ती: उतारावर गाडी कधीही तोंड खाली करून लावू नका. तोंड चढाकडे ठेवा, म्हणजे निघताना ती स्वतःच्या वजनानं मागे येते. नाहीतर दोनशे किलो चढावर मागे ओढत बसावं लागतं, आणि तिथं खरोखर ताकद लागते.

आणि गाडी आडवी झाली तर? आधी किल स्विच, म्हणजे उजव्या मुठीजवळचं इंजिन बंद करायचं बटण, बंद करा आणि गाडी गिअरमध्ये टाका, म्हणजे ती घरंगळणार नाही. ती उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. मग गाडीकडे पाठ करून, सीटला कंबर टेकवून खाली बसा. एका हातानं हँडलची जवळची मूठ, दुसऱ्यानं मागची पकड धरा आणि छोटी पावलं मागे टाकत मांड्यांच्या जोरावर उभ्या राहा. कमरेतून वाकून, हातांनी ओढून उचलायचा प्रयत्न करू नका. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे अंगणात गोणपाट पसरून करायला लावायचो आणि त्या करायच्या. गाडी ताब्यात आल्यावर घरच्यांसमोर एकदा करून दाखवा.

प्रश्न : मी जहाजावर नोकरी करतो. घर चिपळूणजवळ. २०२४ ची मिटिऑर आहे, पण मी तीन-चार महिने नसतो तेव्हा ती बंद असते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे टाकी सडते असं ऐकलं. जाताना टाकी रिकामी करून जाऊ का?
— एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर : रिकामी नको. भरून जा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि तुमच्याकडे पावसाळ्यात हवेत ओलावाच ओलावा असतो. टाकी अर्धी असेल तर उरलेल्या जागेत दमट हवा राहते, तिचं पाणी होतं, ते तळाशी जातं आणि तिथून गंज सुरू होतो. भरलेल्या टाकीत हवेला फारशी जागा नसते. तुमची गाडी २०२४ ची आहे, म्हणजे तिच्या रबरी नळ्या आणि सील या पेट्रोलला चालणाऱ्याच आहेत. त्यांची काळजी करू नका. इथेनॉलमुळे अॅव्हरेज थोडं कमी मिळतं, ते सगळ्यांनाच.

पण चार महिने पेट्रोल नुसतं पडून राहिलं तर तेही शिळं होतं. म्हणून घरातल्या किंवा शेजारच्या जबाबदार, परवाना असलेल्या माणसाला सांगून जा, की दर पंधरा दिवसांनी गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणायची. अंगणात उभी करून पाच मिनिटं सुरू ठेवण्याचा उपयोग होत नाही. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापत नाहीत, आत पाण्याची वाफ धरते आणि उलट नुकसान होतं. बॅटरीही पाच मिनिटांत भरत नाही.

असा माणूस नसेल तर गाडी मधल्या स्टँडवर लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, चेनला भरपूर वंगण द्या आणि गाडीवर प्लॅस्टिकऐवजी सुती चादर घाला, कारण प्लॅस्टिकखाली घाम धरतो. परत आल्यावर आधी बॅटरी चार्ज करून घ्या. गाडी सुरू झाल्यावर चिपळूणपर्यंत हळू चालवा आणि टाकी अर्ध्यावर आली की ताजं पेट्रोल भरा.